बल लावले तर वस्तू हलते की तिचा आकार बदलतो, हे ठरते कशावर?

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. माझी मुलगी सहावीत आहे आणि सध्या शाळेत बलाचा धडा चालू आहे. बलामुळे वस्तूची गती बदलते, दिशा बदलते किंवा आकार बदलतो, असे तिने पाठ केले आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे तिच्या आजीचा तांब्याचा तांब्या ओट्यावरून फरशीवर पडला आणि त्याला चांगला पोचा आला. त्याच संध्याकाळी तिचा चेंडू लोखंडी कपाटामागे गेला. ते सरकवण्यासाठी तिने सारा जोर लावला, पण कपाट जागचे हलले नाही. रात्री जेवताना तिने विचारले, “बाबा, फुटबॉलला लाथ मारली की तो पळतो, तांब्या पडला की चेपतो आणि कपाटाला ढकलले की काहीच होत नाही. मग पुस्तकातला तो ‘किंवा’ कोण ठरवतो? आणि कपाटाला लावलेले माझे बल गेले कुठे?”

मी वाणिज्य शाखेचा माणूस. थातुरमातुर उत्तर देऊन तिचा प्रश्न मिटवावा असे मला वाटत नाही. आपल्या नाशिकच्या परिसरातली, तिने पाहिलेली किंवा तिला दाखवता येतील अशी उदाहरणे कोणी देऊ शकेल का?

निवृत्त_शिक्षक
तुमच्या मुलीने त्या धड्यातल्या सर्वांत नाजूक शब्दावर बोट ठेवले आहे. चौतीस वर्षे शिकवताना मीही तो ‘किंवा’ सहज उच्चारत आलो. तो ‘आणि’ असायला हवा, हे माझ्या बरेच उशिरा लक्षात आले.

आधी कपाट घेऊ. तिने कपाटाला एका बाजूने ढकलले तेव्हा कपाटाचे पाय आणि फरशी यांच्यातल्या घर्षणाने त्याला उलट दिशेने तितक्याच बलाने रोखून धरले. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असल्यामुळे कपाटावरचे एकूण बल शून्य झाले, म्हणून त्याची गती बदलली नाही. कपाट ६० किलोचे आहे आणि त्याच्या वजनाच्या चार दशांशापर्यंत घर्षण टिकते असे धरले, तर ते हलवायला साधारण २४ किलो वजन उचलण्याइतका जोर, म्हणजे सुमारे २३५ न्यूटन बल लागेल. लहान मुलीला ते जमणार नाही. ‘बल गेले कुठे’ या प्रश्नाचे उत्तर असे की बल ही साठवून ठेवण्याची किंवा खर्च होण्याची वस्तूच नाही. दोन वस्तू एकमेकींना ढकलत किंवा ओढत असतात तेवढ्यापुरतेच ते असते. हात काढला की ते उरत नाही.

परंतु कपाटाला काहीच झाले नाही, हे मात्र खरे नाही. वरून तळव्याने ढकलले आणि खालून फरशीने रोखले, तेव्हा या दोहोंच्या मध्ये सापडलेले कपाट किंचित वाकते. आपला डोळा तेवढे टिपू शकत नाही, इतकेच. ते दिसावे यासाठी एक सोपा प्रयोग सांगतो. कपाटाच्या दाराला आरसा असेल, तर खोलीत अंधार करून पुस्तकांच्या चळतीवर विजेरी ठेवा आणि तिचा झोत आरशावरून समोरच्या भिंतीवर पडू द्या. भिंतीवरच्या उजेडाच्या ठिपक्याभोवती पेन्सिलीने खूण करा आणि मग मुलीला कपाट ढकलायला सांगा. आरसा केसभर जरी कलला, तरी लांबच्या भिंतीवरचा ठिपका स्पष्ट सरकतो.

आता तांब्या. ९० सेंटीमीटर उंचीवरून पडलेली वस्तू जर ३ मिलिमीटर अंतरात थांबली, तर तिला थांबवणारे सरासरी बल तिच्या वजनाच्या सुमारे ३०० पट असते. अर्धा किलोच्या तांब्यावर क्षणभर दीडशे किलोचा भार आला असे समजा, आणि तोही नखाएवढ्या जागेवर. तोच तांब्या गादीवर पडून ६ सेंटीमीटर रुतला असता, तर हे बल वजनाच्या पंधरा-सोळा पटींवर आले असते आणि पोचा पडला नसता. गती दोन्ही वेळा सारखीच नाहीशी झाली, पण थांबायला मिळालेले अंतर वेगळे होते.

जुने_नाशिक
सरांच्या उत्तरानंतर लिहिण्याचे धाडस करतो, कारण विषय तांब्याच्या भांड्याचा निघाला आहे. आमचे घराणे तांबट लेनमधले. मी स्वतः नोकरी केली, पण लहानपणी सकाळची जाग हातोड्यांच्या आवाजानेच येत असे.

तुमच्या मुलीच्या ‘किंवा’ला आमच्या धंद्यात एक प्रत्यक्ष वस्तू आहे आणि ती म्हणजे ऐरण. तांब्याचा पत्रा नुसता हातात धरून त्यावर हातोडा मारला, तर पत्रा झटका खाऊन बाजूला जातो, मनगटाला कळ लागते आणि पत्र्यावर जेमतेम ओरखडा उमटतो. तोच पत्रा ऐरणीवर, किंवा जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी दांड्याच्या टोकावर टेकवून तोच घाव घातला, तर पत्र्याला पळायला जागाच राहत नाही. वरून हातोडा आणि खालून ऐरण अशा दोन्ही बाजूंनी दाबला गेल्यामुळे तो पसरतो आणि भांड्याला घाट येऊ लागतो. माझे आजोबा नव्या मुलाला पहिले काही दिवस हातोडा देतच नसत. भांडे ऐरणीला नेमके कुठे टेकले आहे हे बोटांना कळेपर्यंत त्याने ते फक्त फिरवत राहायचे, असा त्यांचा दंडक होता. घाव आणि टेकू समोरासमोर आले नाहीत तर घाव वाया जातो, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

दुसरी गोष्ट सांगायला हवी ती तांब्याच्या स्वभावाची. ठोकत गेले की तांबे कडक होत जाते. काही फेऱ्यांनंतर पत्रा घाव झेलत नाही, हातोडा उसळून परत येतो आणि तशातही रेटून ठोकत राहिले तर काठाला चीर जाते. म्हणून भांडे मध्येच भट्टीत लालसर होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात बुडवतात, म्हणजे ते पुन्हा मऊ होते. पोलादाच्या बाबतीत असे पाण्यात बुडवले तर उलट कडकपणा येतो, पण तांब्याचे तसे नाही. शेवटी भांड्यावर जे मठारकाम करतात, ते अंगावर शोभणारे छोटे छोटे ठसे केवळ नक्षीसाठी नसतात. त्या घावांनी पत्रा पुन्हा कडक होतो आणि पातळ असूनही भांडे रोजचा वापर सोसते.

आजीचा तांब्या जुना मठारलेला असेल, तर तो पोचा बराच खोल पडण्यापासून वाचला असावा.

कॉलेज_रोड
ठोकल्याने धातू कडक का होतो, हे कोणी सोप्या शब्दांत सांगेल का? दाबून त्यातली हवा निघून जाते असे मी ऐकले आहे.

सातपूर_प्रेस_शॉप
हवेचा संबंध नाही. मी सातपूरला पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षे काम करतो, म्हणून जेवढे समजून घेतले तेवढे सांगतो. धातूच्या आत अणू ओळीने रचलेले असतात, पण त्या रचनेत जागोजागी चुकलेल्या ओळी असतात. धातू कायमचा वाकतो तेव्हा या चुकलेल्या ओळी पुढे पुढे सरकत असतात. सतरंजीला एका टोकाला सुरकुती पाडून ती हाताने पुढे ढकलत नेली की सारी सतरंजी थोडी सरकते, तसा तो प्रकार आहे. ठोकत गेले की अशा चुका फार वाढतात, एकमेकींत अडकतात आणि सरकणे अवघड होते. यालाच आपण कडकपणा म्हणतो. तापवल्यावर आतले कण नव्याने रचले जातात आणि तो गुंता सुटतो.

पण मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. आकार बदलतो असे म्हणताना त्यात दोन प्रकार मिसळले जातात आणि मुलांना ते वेगळे करून दाखवले पाहिजेत. प्रेसखाली पत्रा काटकोनात वाकवायचा असेल आणि डाय, म्हणजे खालचा साचा, बरोबर ९० अंशांची केली, तर पंच, म्हणजे वरून दाबणारा भाग, वर जाताच पत्रा थोडा उघडतो आणि कोन ९१ किंवा ९२ अंशांचा येतो. म्हणून डाय मुद्दाम थोडी कमी कोनाची करून पत्रा गरजेपेक्षा जास्त वाकवावा लागतो. पत्रा जेवढा कडक जातीचा, तेवढा तो अधिक परततो. याला आम्ही स्प्रिंग बॅक म्हणतो. याचा अर्थ असा की वाकलेल्या पत्र्याच्या आकारबदलात एक वाटा परत जाणारा असतो आणि एक वाटा कायमचा. जिथपर्यंत वाकवले तरी धातू पूर्ववत होतो, ती त्याची मर्यादा. बाहेरची बाजू ताणली गेलेली असते, आतली बाजू दाबली गेलेली असते आणि मधल्या थरावर फारसा ताण नसतो. मर्यादेच्या आत राहिलेला मधला भाग पत्र्याला परत सरळ करू पाहतो, तर मर्यादा ओलांडलेले बाहेरचे थर त्याला अडवून धरतात. ही ओढाताण ज्या कोनात थांबते, तो कोन आम्ही मोजतो.

तांब्याचा पोचा म्हणजे मर्यादा ओलांडलेला आकारबदल. मुलीने कपाटाला आणलेला बाक हा मर्यादेच्या आतला.

निवृत्त_शिक्षक
फार उत्तम. त्या मर्यादेच्या आतला नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला : जितके बल, त्या प्रमाणात ताण पडून लांबी वाढते. भाजीवाल्याचा स्प्रिंगचा काटा याच नियमावर चालतो. न्यूटन यांचा गतीच्या नियमांचा ग्रंथ त्यानंतर, १६८७ साली आला. शाळेत आपण गती आणि आकार यांचे धडे निरनिराळे ठेवतो, पण टेबलावर पुस्तक ठेवले की दोन्ही धडे एकत्र येतात. टेबल पुस्तकाला नेमके त्याच्या वजनाइतकेच वर ढकलते. आता निर्जीव टेबलाला वजन किती आहे हे कसे कळते? ते कळत नाही. पुस्तकाच्या भाराने टेबल दबत जाते आणि दबल्यामुळे त्याचे वर ढकलण्याचे बल वाढत जाते. ज्या क्षणी ते वजनाएवढे होते, त्या क्षणी पुस्तक स्थिरावते. पुस्तकाची गती रोखण्याचे काम टेबलाच्या आकारबदलानेच केले. माझ्या मते ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ लिहावा, याला एवढा पुरावा पुरेसा आहे.

कॉलेज_रोड
एक शंका. सर म्हणतात की एकूण बल शून्य असेल तर गती बदलत नाही. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. एवढे बल लावूनही घाटात गाडी एकाच संथ वेगाने चढते, वेग वाढत नाही. मग तिथे एकूण बल शून्य कसे?

इगतपुरीचा_पाऊस
हा प्रश्न माझ्या गावचा आहे. रेल्वेत नोकरी करणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतात. अशा चढावर गाडीच्या प्रत्येक टनाला तिचे स्वतःचे वजन सुमारे २७ किलो इतक्या बलाने मागे, उताराकडे ओढत असते. गाडी १,००० टनांची धरली तर केवळ घसरून मागे जाऊ नये यासाठीच सुमारे २७ टनांचे बल लागेल. चाकांचे आणि हवेचे घर्षण त्यावर वेगळे. पुढचे इंजिन आणि मागची बँकर इंजिने मिळून बरोबर तेवढेच बल लावतात, तेव्हा पुढे ढकलणारे आणि मागे खेचणारे बल समान होते. एकूण बल शून्य होते, म्हणून वेग आहे तेवढाच राहतो. बल नसेल तर वस्तू थांबते, ही आपली समजूत चुकीची आहे. एकूण बल शून्य असेल तर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगाने चालत राहते.

आता आकाराकडे येतो, कारण हा भाग मला लहानपणापासून फार आवडतो. पुढचे इंजिन ओढते आणि मागची इंजिने ढकलतात. त्यामुळे पुढच्या डब्यांमधल्या जोडण्या ताणलेल्या असतात आणि मागच्या डब्यांमधल्या दाबलेल्या असतात. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक जागा अशी असते की तिथे ताणही नाही आणि दाबही नाही. आमच्या वडिलांनी मला हे पहिल्यांदा सांगितले, तेव्हा फलाटावर उभा राहून मी ती जागा शोधायचा प्रयत्न केला होता. ती डोळ्यांना दिसत नाही आणि इंजिनांनी जोर कमीजास्त केला की ती पुढे मागे सरकते. जोडण्यांच्या आत धक्का शोषणारी योजना असते. गाडी सुटताना डब्याडब्यातून जो हिसका पुढे जात असल्यासारखा जाणवतो, तो या जोडण्या एकामागून एक ताणल्या जाण्याचा असतो. म्हणजे एकाच बलाने डब्यांना गती मिळते आणि त्याच क्षणी जोडण्यांचा आकारही बदलतो.

फुटबॉलही तसाच. पाय लागतो ती बाजू आधी चेपते, कारण पलीकडच्या बाजूपर्यंत बलाचा निरोप पोहोचायला वेळ लागतो. साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात हे सारे होते, म्हणून आपल्याला फक्त पळणारा चेंडू दिसतो.

निफाडचा_बागाईतदार
द्राक्षबागेतली दोन उदाहरणे देतो. मुलीला घेऊन या भागात कधी आलात तर दोन्ही दाखवता येतील.

पहिले तारेचे. मांडवाची तार जितकी सरळ ताणावी तितकी ती मजबूत राहील असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात सरळ तार उभा भार पेलूच शकत नाही. भार पेलण्यासाठी तिला थोडे तरी खाली झुकावेच लागते. दोन खांबांच्या मधोमध १० किलोचा भार टांगला आणि तार दोन्ही बाजूंना १० अंशांनी झुकली, तर तारेतला ताण सुमारे २९ किलो येतो. तीच तार इतकी आवळली की फक्त २ अंशांनी झुकेल, तर त्याच १० किलोसाठी ताण सुमारे १४३ किलोंवर जातो. हा ताण शेवटच्या खांबावर येतो, म्हणून कडेचे खांब बाहेरच्या बाजूला कललेले रोवतात आणि त्यांना जमिनीत पुरलेल्या दगडाशी तारेने बांधतात. माझ्या वडिलांच्या काळात कडेचा एक दगड पुरेसा खोल पुरला गेला नव्हता आणि फळधारणेच्या दिवसांत त्या बाजूचा मांडव खाली बसला. तार तुटली नव्हती. खांबच आत ओढला गेला होता.

दुसरे उदाहरण मनाला लागणारे आहे. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला की पिकलेले मणी तडकतात. मणी मुळांकडून आणि सालीतूनही पाणी शोषून घेतो, आतला दाब वाढतो आणि साल चहूबाजूंनी ताणली जाते. आतला दाब सारखाच असला तरी मणी जितका मोठा तितका सालीवरचा ताण जास्त असतो. त्यामुळे आम्ही वर्षभर कष्ट करून फुगवलेला मणीच आधी फुटतो. इथे बाहेरून कोणी ढकलत नाही, ओढत नाही. मणी जागचा हलतही नाही. सारे बल आतून बाहेर आहे, सर्व दिशांना सारखे आहे, म्हणून गती शून्य आणि बदल होतो तो फक्त आकारात. सरांच्या ‘आणि’ला हा एक अपवाद म्हणावा का, हे त्यांनी सांगावे.

निवृत्त_शिक्षक
अपवाद नाही, पण चांगला पेच आहे. संपूर्ण मण्याचा विचार केला तर आतली बले एकमेकांना नाहीशी करतात, म्हणून मणी जागचा हलत नाही. सालीचा एखादा ठिपका घेतला तर तो बाहेरच्या दिशेने सरकलेला असतोच. आकार बदलणे म्हणजे वस्तूच्या निरनिराळ्या भागांनी निरनिराळी हालचाल करणे. सर्व भाग एकसारखे हलले तर आपण त्याला गती म्हणतो. त्यांच्यात अंतर पडले तर आकारबदल म्हणतो. तुमच्या मण्यामुळे मला माझे म्हणणे अधिक नेमके करता आले, त्याबद्दल आभार.

नाशिकरोडची_रहिवासी
मुलीच्या हातात देता येईल असे एक उदाहरण सुचवते. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. नोटेवरचा काही मजकूर आणि चित्र बोटाला खरखरीत लागते. धातूच्या पट्टीवर खोदलेल्या बारीक खाचांत शाई भरतात आणि कापसाच्या तंतूंचा कागद त्यावर फार मोठ्या दाबाने दाबतात. कागद त्या खाचांत शिरून शाई उचलतो आणि तो उठाव तसाच राहतो. पट्टी आणि दाबणारा रूळ यांच्यामध्ये कागद सापडतो, तिथे जुने_नाशिक यांची ऐरणच आहे. मुलीला डोळे मिटून नव्या नोटेवरून बोट फिरवायला सांगा.

गोदाकाठ
मी अग्निशमन सेवेत होतो, म्हणून घर्षणाचा मुद्दा पुढे नेतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. पावसाळ्यात गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले ते पाहतो. माझे डोळे मात्र घाटावर उभ्या केलेल्या चारचाकींकडे असत.

सरांनी सांगितले की कपाट घर्षणामुळे हलले नाही. हे घर्षण वस्तू जमिनीला किती दाबते यावर अवलंबून असते. गाडीच्या तळाची लांबी ४ मीटर आणि रुंदी १.६ मीटर धरा. पाणी तळाच्या वर १० सेंटीमीटर चढले, की गाडी सुमारे ६४० लिटर पाणी बाजूला सारते आणि पाणी तिला ६४० किलो इतक्या बलाने वर उचलते. १,००० किलोच्या गाडीचा जमिनीवरचा भार आता ३६० किलो उरतो. आत पाणी शिरले नाही, तर तळाच्या वर १६ सेंटीमीटर चढताच ती जवळजवळ तरंगते आणि घर्षण संपते. त्याच वेळी वाहते पाणी तिला बाजूने ढकलत असते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असताना प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ५० किलोचा रेटा असेल, तर वेग दुप्पट होताच तो २०० किलोंचा होतो. गुडघाभर पाण्यात माणसाचे पाय निसटतात, तेही याच दोन कारणांनी एकत्र. गाडी वाहून जाताना तिचा आकार बदलत नाही. पुढे पुलाच्या खांबाला अडकली की मात्र मागून पाणी आणि पुढून दगड यांच्यामध्ये ती कागदासारखी चुरगळते. पूर येण्याची सूचना मिळताच घाटावरची गाडी काढावी, ही विनंती.

पंचवटीकर
सर्वांचे मनापासून आभार. मुलीला सारे प्रतिसाद वाचून दाखवले. तारेच्या आकड्यांपाशी ती थांबली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत राहिली.

काल रात्री सरांचा प्रयोग केला. कपाटाला आरसा आहेच. समोरची भिंत साडेतीन मीटरवर आहे. ठिपक्याभोवती खूण केली आणि मुलीने कपाट ढकलले. ठिपका खुणेच्या बाहेर दोन बोटे सरकला. तिने हात काढला आणि तो परत खुणेच्या आत आला. तिने मला आणि आजीलाही ढकलायला लावले. आजीच्या ढकलण्यानेही ठिपका हलला, तेव्हा दोघींना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. नंतर तिने स्वतःहून चप्पल काढून ढकलून पाहिले आणि पाय घसरू लागले की ठिपका कमी सरकतो, हे तिच्या लक्षात आले. वहीत तिने पाठ केलेल्या वाक्यातला ‘किंवा’ खोडून वर ‘आणि’ लिहिला आहे. परीक्षेत काय लिहायचे ते तिच्या बाईंना विचारून ठरवू.

जुने_नाशिक यांना एक विचारायचे आहे. आजीच्या तांब्याचा पोचा निघेल का?

जुने_नाशिक
निघेल. तांब्याचे तोंड अरुंद असते, म्हणून आत बाकदार दांडा घालून त्यावर पोचा टेकवावा लागतो आणि बाहेरून लाकडी हातोड्याने हलके हलके ठोकत यावे लागते. पोचा जिथे दुमडला आहे तिथे तांबे कडक झालेले असणार, तेव्हा आधी तेवढा भाग तापवावा लागेल. तापवल्याने काळपटपणा येतो, तो चिंचेने निघतो. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास लेनमध्ये या आणि मुलीलाही आणा. माझे चुलतभाऊ अजून काम करतात. तांब्या दांड्यावर फिरवायचे काम ती करेल आणि टेकू बरोबर लागला की हातोड्याचा आवाज कसा बदलतो, ते तिला ऐकवतो.